शेवटचा भाग राहिला होता

वल्लरीच्या इयरफोनची बॅटरी अचानक संपली आणि जर्मनीतल्या आखनच्या भरल्या बसमध्ये तिचा फोन जर्मनमध्ये किंचाळला, “माझ्याच वडिलांच्या लग्नात माझ्याच मित्राला मिठी मारलीस?” समोरच्या जर्मन आजी घाईघाईने खिडकीबाहेर पाहू लागल्या. “अगं बाई…” वल्लरीच्या तोंडून निसटलं.

मागच्या सीटवरून अस्सल पुणेरी मराठी आली. “म्हणजे शँपेनचा ग्लास अजून फेकलेला नाही.”

असा भेटला यशोधन. इंजिनीअरिंगचं मास्टर्स संपवत आलेला, नीटनेटका, आणि ‘विला क्रिस्टाल’ या जर्मन मालिकेचा तिच्याइतकाच वेडा. गर्भश्रीमंत बापांची ती उनाड पोरं, त्यांची लफडी, त्यांची भांडणं… जर्मन सुधारायला बघतो, म्हणाला तो. तीही हेच म्हणायची. दोघंही धडधडीत खोटं बोलत होती.

मग दर शुक्रवारी तिच्या स्वयंपाकघरात, त्याच्या अकाउंटवर, चिवड्याचा एक वाडगा आणि एक भाग असं ठरूनच गेलं. एकट्याने पुढे बघायचं नाही, ही शपथ. पडद्यावरची कॉन्स्टान्झा बिनदिक्कत म्हणायची, “मला हवं ते मी मागून घेते.” इकडे मात्र वाडग्यात बोटांना बोटं लागली, की दोघंही एकदम शेंगदाणे शोधू लागायची.

बघता बघता एकच भाग उरला. यशोधनला वोल्फ्सबुर्गला नोकरी लागली होती, शनिवारी तो निघणार होता. आधीच्या शुक्रवारी सर्दीचं निमित्त सांगून त्याने तो भाग पुढे ढकलला होता. आता हा शुक्रवार शेवटचा.

संध्याकाळी वल्लरीने लॅपटॉप उघडला, तर शेवटच्या भागाखालची लाल रेघ पार टोकाला गेलेली. त्याने पाहिला होता… कुणाबरोबर? तिला रडूच आलं. दोघांचं म्हणावं असं तेवढंच तर होतं! ताप आलाय, असं तिने कळवून टाकलं. तो सुंठ घेऊन दाराशी आला, बेल वाजवत राहिला. तिने दार उघडलं नाही.

सकाळी मात्र तिला राहवेना. कोथरूडच्या भाजीवाल्याशीही कधी न भांडलेली ही मुलगी, भांडायला म्हणून धावत स्टेशनवर गेली.

“शेवटचा भाग पाहिलास तू.”

“नाही पाहिला.”

“लाल रेघ टोकाला गेलीय, यशोधन.”

तो क्षणभर गोंधळला… मग कपाळावर हात मारून त्याने पुण्याला नीता आत्याला व्हिडिओ कॉल लावला. अकाउंट एक आणि त्यावर अख्खं खानदान, हे वल्लरीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“अगं, मीच पाहिला,” आत्या म्हणाली. “हा फोनवर सारखा वल्लरी-वल्लरी करतो. म्हटलं, बघू तरी ही दोघं एवढं काय बघतात. शेवटी ती कॉन्स्टान्झा त्या—”

“आत्या, नको!” दोघं एकदम ओरडली, आणि मग हसत सुटली.

गाडी लागली होती. यशोधन बुटांकडे बघत म्हणाला, “सर्दी खोटी होती. तो भाग संपला असता, तर… तुझ्याकडे यायला कारण काय सांगणार होतो मी?”

पण आज वल्लरी गप्प बसणार नव्हती.

“मला हवं ते मी मागून घेते,” ती म्हणाली. “मला तू हवा आहेस. हे कारण पुरेल?”

“पुरेल,” तो कसाबसा म्हणाला. “आयुष्यभर पुरेल.”

शिट्टी वाजली, आणि यशोधनच्या आधी वल्लरीच डब्यात चढली. तिचं विद्यार्थ्यांचं तिकीट देशभरच्या साध्या गाड्यांना चालायचं, आणि हा काटकसरी पुणेकर साध्या गाडीनेच निघाला होता. गाड्या बदलत जायचं म्हणजे अख्खा दिवस जाणार होता. किती छान!

तो भाग आता बघूया का, त्याने विचारलं.

“पुढच्या शुक्रवारी,” ती म्हणाली. “वोल्फ्सबुर्गला.”

त्याने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. बोटांना बोटं लागली. या वेळी कुणीही शेंगदाणे शोधले नाहीत.