खाटेजवळचं स्टूल

चष्म्याच्या डबीला आधी कागद, मग बुडबुड्यांचं प्लॅस्टिक, मग पुठ्ठ्याचं खोकं. मास्तरांनी चिकटपट्टी दातांनी तोडली आणि पत्ता लिहायला पेन उघडलं. सारी हयात मुलांना भाषा शिकवण्यात गेलेली, त्यामुळे अक्षर मोत्यासारखं. पण या खोक्यावर लिहायला पत्ताच नव्हता. घेणाऱ्यानं कळवलं होतं, ‘कुरिअरच्या कार्यालयात ठेवावे. एकोणीस येऊन नेईल.’ एकोणीस हे त्याचं नाव. लिलावाच्या त्या संकेतस्थळावर लोक अशीच काहीबाही नावं घेतात, हे मास्तरांना आता ठाऊक झालं होतं. बाहेर लख्ख दुपार होती आणि कुरिअरवाला हाकेच्या अंतरावर. खोकं द्यायचं, येताना दूध आणायचं. बस, एवढंच काम.

चष्मा त्यांच्या बायकोचा होता. दोन वर्षांपूर्वीच्या साथीत ती गेली.

साथ ओसरल्यावर साथीवरच्या कादंबऱ्यांचं पेव फुटलं. कुणाच्या पुस्तकात शहरंच्या शहरं ओस पडत, कुणाच्या पुस्तकात प्रेतं उठून चालू लागत. मास्तरांनीही एक कादंबरी लिहिली. तिच्यात फक्त एक खाट होती, खाटेजवळ एक स्टूल होतं आणि स्टुलावर एक म्हातारा नवरा. डॉक्टरांशी भांडून, पांढरा किट चढवून तो आत शिरतो आणि बायकोचा हात शेवटपर्यंत सोडत नाही. वाचणारे ढसाढसा रडले. बायका आपापल्या नवऱ्यांना ते पुस्तक वाचायला देऊ लागल्या. रस्त्यात अनोळखी माणसं मास्तरांना थांबवून नमस्कार करीत.

खरं काय घडलं होतं ते एकट्या मास्तरांना माहीत होतं. तिला भरती केल्याच्या आठव्या दिवशी दुपारी रुग्णालयातल्या सिस्टरचा फोन आला होता. “दहा मिनिटं एका माणसाला आत सोडू. किट आम्ही देतो. त्या सारख्या तुमच्याबद्दलच विचारताहेत.” मास्तर म्हणाले, “मलाही ताप आहे हो.” समोर टेबलावर थर्मामीटर पडला होता. ताप नव्हता. भीती होती, नुसती भीती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

लिलावाची कल्पना प्रकाशकाची. “मास्तर, हल्ली लोक घरबसल्या फोनवर बोली लावून काय वाट्टेल ते घेतात. गेलेल्या गवयाची चप्पलसुद्धा विकली जाते. तुमच्या पुस्तकातल्या वस्तू तर खऱ्या आहेत! कपाटात ठेवून त्यांना काय मोड आणायचेत?” मास्तरांनी थोडे आढेवेढे घेतले, मग मान डोलावली. त्यांना पैशाची हाव नव्हती. कपाट उघडलं की तिचा वास यायचा, तेवढा जावा असं त्यांना वाटत होतं.

चष्म्याला तेवीस जणांनी बोली लावली. शेवटच्या मिनिटाला एकोणीस आला आणि सगळ्यांच्या वर गेला. पाठोपाठ त्याचा निरोप. ‘डाव्या काडीला बांधलेला दोरा सोडू नका.’

खोक्यात घालण्याआधी मास्तरांनी चष्मा डोळ्यांजवळ नेला होता. काडीच्या सांध्याला काळा दोरा होता. त्यांना तो कधी दिसला नव्हता. संकेतस्थळावर टाकलेल्या फोटोत तर चष्म्याची उजवी बाजू होती.

पुढच्या आठवड्यात तिचा कंगवा विकला. घेणारा तोच. ‘केस अडकलेत ते राहू द्या.’ त्याच्या पुढच्या आठवड्यात शाल. ‘धुऊ नका. त्यांना तोच वास हवाय.’

त्यांना?  मास्तरांनी फोनवर लिहिलं, ‘आपण कोण?’

लगेच उत्तर आलं. ‘मी तिथे होतो.’

होतो! ती सिस्टर किंवा वॉर्डातली मावशी असेल असा त्यांचा आडाखा होता. हा तर पुरुष निघाला. वॉर्डबॉय असेल, सफाईवाला असेल. कुणी का असेना, ‘मास्तर आलेच नव्हते’ हे याला ठाऊक असणार.  पुस्तकाची पाचवी आवृत्ती छापखान्यात होती, आणि दूर देशी राहणारी त्यांची एकुलती एक लेक तेच पुस्तक उशाशी घेऊन झोपत होती.

आता विकण्यासारखी एकच वस्तू उरली होती. रुग्णालयानं तिच्यामागे परत केलेली सीलबंद प्लॅस्टिकची पिशवी. मास्तरांनी ती कधी उघडली नव्हती. दोन वर्षं ती गच्चीच्या जिन्याखाली पडून होती, आणि तिथून जाताना ते अजूनही श्वास रोखून धरत. ती दिली की हा माणूस गप्प राहील, असं वाटून मास्तरांनी तीही लिलावात मांडली, आणि ती एकोणीसनंच घेतली. या खेपेस दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही.

कुरिअरवाल्यानं हात वर केले. “रुग्णालयाचं सील आहे, मास्तर. हे आम्ही घेत नाही.”

मास्तरांनी एकोणीसला तसं कळवलं. उत्तर आलं, ‘मग तुम्हीच आणा. क्रीडागृहाचं मागचं दार. दहा मिनिटांचं काम आहे.’

गावाबाहेरचं ते बंदिस्त क्रीडागृह. साथीत त्याचंच रुग्णालय केलं होतं. मास्तरांनी त्याच्यावर आख्खं प्रकरण लिहिलं होतं, पण वर्तमानपत्रातले फोटो पाहून. पाऊल कधी टाकलं नव्हतं. जाऊ नये असं शंभरदा वाटलं. मग वाटलं, माणसाला समोरासमोर भेटू, हवं तर पाय धरू, पण त्याचं तोंड बंद करू. पिशवी हातात धरून, अंगापासून लांब ठेवून, ते चार वाजता रिक्षातून उतरले.

फाटकावर म्हातारा राखणदार होता. “आत काय ठेवलंय? साथीनंतर कुलूपच आहे. पोरंसोरंसुद्धा खेळायला येत नाहीत.”

“मागच्या दारी एकजण भेटणार आहे.”

“मागचं दार आतून बंद असतं. बघा जाऊन.”

मागचं दार उघडं होतं.

मास्तर उंबऱ्यावर थांबले. आत एवढा मोठा हॉल, वरच्या झरोक्यांतून येणारा मळकट उजेड, आणि वास. फिनेलचा, रबरी हातमोज्यांचा, आणि त्याखाली आणखी कसलातरी गोडसर वास. लाकडी जमिनीवर खाटांसाठी पांढऱ्या रंगानं चौकोन आखले होते, प्रत्येकात आकडा. हॉलमध्ये काही म्हणजे काही नव्हतं. तरी कुठूनतरी आवाज येत होता. बुड... बुड... बुड... प्राणवायूच्या बाटलीतलं पाणी उकळत असावं तसा, सावकाश.

दारापासून तिसऱ्या चौकोनात आकडा होता, एकोणीस. त्याच्या उशाशी चष्मा होता. शेजारी कंगवा. मधोमध शाल अंथरलेली. आणि चौकोनाला लागून एका लोखंडी स्टुलावर, दाराकडे पाठ करून, पांढरा किट घातलेला एकजण बसला होता. त्याचा उजवा हात शालीवर होता, मूठ अर्धवट मिटलेली.

“आलात...” तो म्हणाला. मास्कमधून आल्यासारखा दबका आवाज.

मास्तरांनी विचारलं, “तुम्ही... कोण?”

“त्या दिवशी कुणीतरी बसायला हवं होतं ना... म्हणून बसलो.”

“काय हवंय तुम्हाला? काय हवं ते देतो. फक्त कुणाला सांगू नका...”

“मला काही नको, मास्तर. मला उठायचंय. हात बधिर झालाय.” तो अजून वळला नव्हता. “तुम्ही आलात की मी उठायचं, असं ठरलंय.”

“कुणाशी ठरलंय?”

त्यानं मान जराशी शालीकडे कलती केली.

“दहा मिनिटं... फक्त हात धरायचा. त्या जाग्या आहेत.”

मास्तरांनी शालीकडे पाहिलं. शाल वर होत होती. खाली जात होती. पुन्हा वर. आणि बुडबुड आवाजाच्या आडून ओळखीचा, खोल गेलेला, धाप लागलेला आवाज आला. “अहो...”

चाळीस वर्षांत ती त्यांना एवढंच म्हणत आली होती.

चार पावलांचं अंतर होतं. चार पावलं. मास्तरांनी एक पाय उचललासुद्धा. त्या क्षणी त्यांना काय वाटलं म्हणता? माया दाटून आली नाही, पश्चात्तापही नाही. मनात आलं ते एवढंच, आपल्या तोंडावर मास्क नाही!

आणि ते पळाले. पिशवी हातातून कधी सुटली हे त्यांना कळलंच नाही. वय विसरून, चप्पल विसरून, राखणदाराच्या “अहो मास्तर, काय झालं?” कडे न बघता ते पळत रस्त्यावर आले.

घरी आल्यावर त्यांनी दाराला दोन्ही कड्या घातल्या, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. फोनवर लिलावाच्या संकेतस्थळाचा निरोप येऊन पडला होता. गिऱ्हाइकानं विक्रेत्याबद्दल अभिप्राय दिला होता. ‘वस्तू पोचली. विक्रेता थांबला नाही.’

 हे ओझं एकट्यानं आता पेलवेना. त्यांनी लेकीला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

“बाबा? आवाज का असा येतोय? बरं नाही का?”

“तुला एक सांगायचंय. आधी ऐकून घे. पुस्तकात लिहिलंय ते सगळं खोटं आहे. मी तुझ्या आईला भेटायला गेलोच नव्हतो गं. मला बोलावलं होतं. तरी नाही गेलो.”

 ती मायेनं म्हणाली, “असं काय बोलताय बाबा? एकटे राहून राहून मनाला लावून घेताय. मी पाहिलंय तुम्हाला.”

“कुठे पाहिलंस?”

“आई गेली त्याच्या आदल्या दुपारी तिथल्या सिस्टरनं मला व्हिडिओ कॉल लावून दिला होता. आईच्या शेजारी स्टुलावर बसला होतात की, पाठमोरे. तुमच्याशी बोलत होती ती, हसतसुद्धा होती. तुम्हाला त्रास होईल म्हणून मी कधी विषय काढला नाही. थांबा, मी त्या कॉलमधला फोटो काढून ठेवलाय. पाठवते.”

फोटो आला. खाट, खाटेवर बायको. आठ दिवसांत एवढीशी झालेली. मास्तरांनी न पाहिलेला तिचा चेहरा. शेजारी तो पांढरा किट, तिचा हात हातात घेतलेला. आणि मागे, उजेडाच्या चौकटीत, दारात उभा एक माणूस.

“दिसला का तो दारातला?” लेक विचारत होती. “शेवटी शेवटी आई त्याच्याचकडे बघत होती. ‘अहो, अहो’ म्हणून हाका मारायला लागली. मला वाटलं, भ्रम झाला असेल. त्याच्या हातात सीलबंद पिशवी होती, बघा. बिचाऱ्याचं कुणी गेलं असेल, सामान न्यायला आला असेल. आई उठून बसायला लागली, आणि तो... तो चक्क पळून गेला, बाबा. अनवाणी. मग आईनं मान फिरवली. त्यानंतर एक शब्द बोलली नाही.”

मास्तरांनी फोटो बोटांनी मोठा केला. चेहरा पुसट होता. पिशवीवरचं लाल सील मात्र स्पष्ट दिसत होतं. ती गेल्यानंतर, तिच्या वस्तू भरून, तिच्याच नावानं दिलेली पिशवी.

“तुम्ही तर तिथेच होतात,” लेक म्हणाली. “तुम्ही त्याला जवळून पाहिलं असेल. कोण होता हो तो?”

 मास्तरांनी फोटो पुन्हा पहिल्याइतका केला.

स्टूल आता रिकामं होतं. बायकोचा हात खाटेवरून खाली लोंबत होता, पंजा उघडा.