पाचव्या अल्बमबद्दल

“आई, मधलंच एखादं गाणं लावायचं नाही. पहिल्या अल्बमपासून, ओळीने. तुझ्या पोथीसारखं.”

हर्षालीने हे मला तीनदा तरी बजावलं होतं. ‘ओला कंदील’ हा नाशिकच्याच पाच मुलांचा रॉक बँड, माझ्या लेकीचा जीव की प्राण. सगळे अल्बम ऐकीन आणि पुढच्या कार्यक्रमाला तुझ्याबरोबर येईन, असा शब्द मी दिला होता. चातुर्मास सरू दे, म्हणाले. ती श्रावणातच तापाने गेली. बावीस वर्षांची होती.

माघात मी तिची वही उघडली. चारही अल्बमांवर तिने पेन्सिलीने मतं लिहून ठेवली होती. पाचवं पान कोरं, वर नुसता आकडा. तो अल्बम अजून यायचा होता.

आमचं घर हिरावाडीत. पहाटे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन यायचं, पूजा, मग एक अध्याय, हा माझा तीस वर्षांचा नेम. पारायणाला समोर एक आसन रिकामं ठेवतात, ऐकायला येणाऱ्यासाठी. त्या सोमवारी पोथी मिटून मी तिचा स्पीकर लावला आणि आसन उचलायचं राहून गेलं. मग रोजच राहू दिलं.

पहिल्या अल्बमबद्दल वहीत होतं, “गॅरेजमध्ये केलाय. ड्रम म्हणजे पत्र्यावर गोटे. चुका आहेत म्हणून खरा.” मला नुसता गोंगाट वाटला, पण शेवटपर्यंत बसले.

दुसऱ्याला तिने एकच तारा दिला होता. “मुंबईला जाऊन गुळगुळीत झाले.” मी सवयीने मोठ्याने म्हणाले, “अगं, मला तर आवडला. गाणारा काय म्हणतोय ते कळतं तरी.”

बुधवारी वहीत एक ओळ जास्त होती.

“आईला शब्द कळतात. बरं, दोन तारे.”

मी वही यांच्यापुढे, हर्षालीच्या बाबांपुढे, धरली. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“तूच लिहिलं असशील. उपासांनी डोकं हलकं होतं माणसाचं.”

“अक्षर बघा ना.”

“बघितलं,” म्हणाले, आणि वही उघडीच ठेवून उठून गेले.

तिसरा अल्बम तिचा सर्वांत लाडका. त्यातल्या एका गाण्यात सगळी वाद्यं अचानक थांबतात आणि गाणाऱ्याचा श्वास तेवढा ऐकू येतो. “इथे रडू येतं. कुणाला सांगायचं नाही,” असं तिने लिहिलेलं.

वाद्यं थांबली. श्वास आला.

वाद्यं पुन्हा सुरू झाली, तरी तो थांबला नाही. समोरून येत होता.

आसनावर हात ठेवावा असं फार वाटलं. ठेवला नाही. भीती नव्हती, काहीतरी मोडेल असं वाटलं.

गुरुवारी चौथा. “घाईत केलाय. गिटार आहे, माणूस नाही.” मी म्हटलं, “चला, एवढ्यावर तरी आपलं जमलं.” उदबत्तीचा धूर एकदम माझ्याकडे वळला, कुणी हसताना श्वास सोडावा तसा.

शुक्रवारी पाचवं पान कोरं नव्हतं.

“अजून आला नाही, पण चांगला आहे. शेवटचं गाणं समोर बसून ऐकायचं. शनिवारी सहाला, गंगापूर रोडला. आई, लवकर निघ, जागा मिळत नाही.”

ते पानही मी यांना दाखवलं. या वेळी उपासांचं नाव त्यांनी काढलं नाही.

शनिवारी सकाळी यांनी पेपर वाचता वाचता खाली ठेवला. एक छोटी चौकट होती. ‘ओला कंदील’चा नवा अल्बम, आज सायंकाळी सहा वाजता, गंगापूर रोड. कार्यक्रम काल रात्री ठरला, असंही लिहिलं होतं.

“जाणार आहेस?”

“शब्द दिलाय.”

“गर्दीत सांभाळून.”

पावणेपाचला मी साडी बदलली, देवाला नमस्कार केला. आमच्या दाराच्या आतला बोळ अरुंद आहे, दोन माणसं एकदम मावत नाहीत. मी चपला घालून पायरीवर आले आणि वळून पाहिलं. यांनी दार धरून ठेवलं होतं. ते भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन वाट देत होते.

मी केव्हाच बाहेर आले होते.