शैलजाताईंचा घट

नवरात्राची चौथी माळ. दोहातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये विभावरी भर दुपारी वरच्या मजल्यावर गेली ती शेजारधर्म म्हणून. शैलजाताई कालच नवऱ्याबरोबर डॅन्यूब नदीच्या क्रूझवर गेल्या होत्या. सुटी मिळाली ती नेमकी नवरात्रात, आणि घट बसले की घर बंद ठेवत नाहीत. म्हणून किल्ली विभावरीकडे. दिव्यात तेल घालायचं, माळ बांधायची आणि आसावरीची स्कूलबस यायच्या आत खाली उतरायचं. पहिलीतली पोर, उन्हात एकटी उभी राहता कामा नये.

माळ बांधताना तिचा हात थबकला. घटापुढच्या तांदळावर देवीचा चांदीचा टाक नव्हता. नुसता त्याचा ठसा होता.

तेवढ्यात मोबाईल वाजला. शैलजाताईच.

"विभा, दिवा आहे ना गं?"

"आहे. पण ताई, टाक…"

"माझ्या पर्समध्ये! मला पाण्याची किती धास्ती, ठाऊक आहे ना तुला. म्हटलं, आई बरोबर असलेली बरी."

"अहो, बसलेली देवी हलवतात का कधी?"

"झाली सुरू माझी सासूबाई!" ताई हसल्या. त्यांच्यामागे कुठल्याशा चर्चची घंटा वाजत होती. फोन कट झाला.

घंटा मात्र थांबली नाही. ती आता खिडकीबाहेर वाजत होती.

ओल्या शेवाळाचा वास आला. दिव्यातलं तेल एका अंगाला कललं… मग सावकाश दुसऱ्या. फरशीखाली इंजिन घुमत होतं. विभावरीने पडदा सारला. समोरच्या बिल्डिंगची पिवळी भिंत नव्हती. दगडी पुलाची काळी कमान काचेला घासत मागे सरकत होती, आणि खाली नदी.

ती दाराकडे धावली. लॅच फिरला, दार हलेना. बाहेरून पाण्याने दाबून धरावं तसं घट्ट. खूप दुरून, खोल पाण्याखालून यावा तसा, स्कूलबसचा हॉर्न आला.

"आसू…!"

देवी वाहत्या पाण्यावर, आणि तिचं घर तिच्यामागे निघालेलं. विभावरी घटापुढे बसली, पदर पसरला.

"आई, तुझं आसन इथं आहे. परत ये. जिने नेलं, तिच्याच हातानं ये… पण मला माझ्या लेकराकडे जाऊ दे."

तेल स्थिर झालं. दार उघडलं.

आसावरी गेटच्या सावलीत उभी होती. पाठीवर दप्तर, एक मूठ घट्ट मिटलेली.

"घाबरलीस का गं राणी?"

"नो. शैलजा आंटी वॉज विथ मी."

"ताई…? इथं?"

"शी वॉज सो वेट, आई. शी सेड, गिव्ह धिस टू विभा." पोरीने मूठ उघडली.

टाक. ओला, बर्फासारखा गार.

"कुठं गेल्या त्या?"

आसावरीने जिन्याकडे बोट दाखवलं. पायऱ्यांवरच्या धुळीत ओली पावलं उमटली होती, वर जाणारी. विभावरी तर आत्ता त्याच जिन्याने उतरली होती.

दिवेलागणीच्या आत टाक जागेवर बसवायला हवा. तिने लेकीला खाली थांबवलं, टाक कपाळाला लावला आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. फ्लॅटची किल्ली तिच्याच मुठीत होती.

वरच्या मजल्यावर कुणीतरी आतून कडी काढली.