धरलेला श्वास

काडेपेटीएवढी पांढरी डबी, वर चार चमकते ठिपके.

दोरीला एक झटका: आणखी सोड. दोन झटके: वर ओढ.

बंद पाकीट, क्रमांक एकतीस.

क्रापान्य बेट समुद्रापेक्षा जेमतेम पुरुषभर उंच आहे. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून तळाचे स्पंज काढत आले.

डावा स्तन आणि हृदय यांच्यामध्ये काही जणींच्या बाबतीत बोटभरही जागा नसते.

मी नेदा. किरणोपचाराचं यंत्र चालवते. क्रापान्यची पेरिना याराम आमच्याकडे आली तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. डाव्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढलेली, आणि हृदय फासळ्यांना अगदी चिकटून. आमच्याकडे तेव्हा एक चाचणी चालू होती. निम्म्या बायकांनी किरण चालू असताना छाती भरून श्वास धरायचा. फुप्फुस फुगतं आणि हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरकतं. उरलेल्यांनी नेहमीसारखा श्वास घ्यायचा. कोण कुठल्या गटात, ते पाकीट ठरवणार. पुढे वीस वर्षांत कोणाची हृदयं टिकतात, ते बघायचं.

एकतीस नंबरच्या पाकिटातून 'नेहमीसारखा' निघालं.

"वा रे वा!" पेरिना म्हणाली. "स्पंज काढणाऱ्याची लेक मी. बाहेर बसलेली ती झाग्रेबची शहरी बाई बादलीत बुडून मरेल, ती श्वास धरणार. आणि मी नुसती लोळत पडू?"

"मावशी, मी नाही निवडलं. पाकीट आहे ते."

"मग माईकवरून हळूच सांग, श्वास धर म्हणून. कुणाला कळतंय?"

"तुम्हाला पंधराच दिवस यायचंय ना? पूर्वी पंचवीस लागायचे. कमी दिवस पुरतात हे कळलं, कारण आधीच्या बायकांनी आपापलं पाकीट पाळलं."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "पोरी, तुझी आई हेडमास्तरीण होती का?"

पहिला दिवस. डबी तिच्या पोटावर ठेवली; छतावरचा कॅमेरा तिचे ठिपके टिपतो. पडद्यावर तिच्या श्वासाची रेघ उमटली: वर, खाली, वर, खाली.

चौथा दिवस. रेघ वर चढली आणि तिथेच राहिली.

"म्हातारी लबाडी करतेय," यंत्रावरचा माझा सहकारी फ्राने म्हणाला.

मी माईकचं बटण दाबलं. "मावशी, नेहमीसारखा श्वास घ्या."

"घेतेय की! आणि काय गं ही थंडी, इथे मासे ठेवता का?"

ती बोलत होती. कॅमेऱ्यात डबी वरखाली होत होती. रेघ हलत नव्हती.

डबी बदलली. मी स्वतः आडवी होऊन पाहिलं. माझी रेघ व्यवस्थित वरखाली झाली. सातव्या दिवशी तिची रेघ दोन मिनिटं वर थांबली. दहाव्या दिवशी चार. किरणांआधी आम्ही रोज छातीचं एक चित्र घेतो. त्यात आता तिचं हृदय फासळ्यांपासून बोटभर मागे सरकलेलं दिसायला लागलं. फ्रानेने विनोद करणं सोडलं. नोंदीत मी लिहिलं, यंत्रात दोष नाही.

बाराव्या दिवशी ती रेघ कागदावर काढून तिला दाखवली. तिने रेघेवरून बोट फिरवलं.

"हा माझा श्वास नव्हे. बाबा असा भरायचा. एकदम वरपर्यंत, आणि मग थांबायचा. दगड धरून खाली जायचा तो." तिने कागद उलटा करून ठेवला. "मी नऊ वर्षांची होते. दोरी माझ्या हातात होती."

"मग?"

"मग काय. वर आला नाही."

पंधरावा, शेवटचा दिवस. डबी अजून रिकाम्या टेबलावरच होती, आणि पडद्यावरची रेघ वर जाऊन थांबलेली होती.

पेरिना टेबलावर चढली. "नेदा, आज किरणांआधी सांग बाबाला. बासष्ट वर्षं धरलाय. सोड म्हण."

"किरण झाल्यावर सांगते. चाळीस सेकंद फक्त. मावशी, आत्ता सोडला तर तुमचं हृदय वाटेत येईल."

"माझं आहे ना? मग मी बघीन. तू सांग."

मी बाहेर आले. जाड दार बंद झालं. फ्राने माझ्याकडे बघत नव्हता.

मी आधी किरण चालू केले.

चाळीस सेकंद. रेघ वर, स्थिर.

किरण थांबले. मी बटण दाबलं.

"श्वास सोडा."

रेघ खाली आली. रोजच्या पातळीच्याही खाली.

मग एक उसळी.

मग आणखी एक.

मग सपाट.

कॅमेऱ्यात पेरिनाने दोन्ही मुठी हवेत आवळल्या होत्या. एकीमागून एक, ती काहीतरी वर ओढत होती.

बाराव्या दिवशी, जाताना दारात थांबून ती म्हणाली होती: "आले होते झटके. दोन. मला वाटलं, बाबा चेष्टा करतोय."