भिंतीपलीकडचा लोड

यातलं एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही.

स्वप्नाली माझी मावसबहीण. ती आशा सेविका आहे. गावात कुणाच्या अंगात आलं तरी आधी थर्मामीटर काढणारी बाई. तिच्या घरात जे झालं, ते तिनं सांगितलं तसंच लिहितोय. गावाचं नाव लिहू नको म्हणाली. केजहून धारूरकडं जाताना डोंगर दिसायला लागला की उजव्या हाताला ते गाव आहे, एवढं पुरे.

गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. गुरुवार. दिवस मावळायला आला होता.

आणि गावाचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला.

आमच्याकडं ही काही बातमी नव्हे. हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू झालं की सगळ्यांच्या मोटारी एकदम चालतात, डीपी बसतो आणि दुसरा येईपर्यंत गाव अंधारात. लोक महावितरणच्या नावानं बोटं मोडतात, जेवतात आणि झोपतात. पण स्वप्नालीच्या घरात तेवढ्यावर भागणार नव्हतं.

तिच्या सासूचा श्वास लाईटवर चालायचा.

सासू बायनाबाई. उभा जन्म चुलीपुढं फुंकणी घेऊन गेला आणि तो सगळा धूर छातीत जाऊन बसला. घरात ऑक्सिजनचं मशीन होतं. चार छोट्या चाकांवर उभं, नाकात नळी, आणि सारखा एकच आवाज.

फुस्स... खट. फुस्स... खट.

ते थांबलं की म्हातारीचे ओठ निळे पडायला लागायचे.

म्हणून स्वप्नालीच्या नवऱ्यानं, बजरंगनं, आधीच इन्व्हर्टर घेऊन ठेवला होता. बजरंग केज-धारूर काळीपिवळी जीप चालवतो. बॅटरीतलं आपल्याला सगळं कळतं, असं त्याचं म्हणणं. दुकानदाराला मशीनचे वॅट सांगून त्या हिशोबानं मोठी बॅटरी आणली, लाकडी फळीवर ठेवली, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. नुसतं मशीन चालवलं तर रात्र निघेल, असं दुकानदार छातीठोक सांगत होता.

त्या गुरुवारी स्वप्नालीची आरती व्हायच्या आत बॅटरी संपली.

इन्व्हर्टर ओरडायला लागला. मग तोही थांबला. मग मशीन थांबलं.

बजरंगनं पळत जाऊन जीप दारात आणली, इंजिन चालू ठेवून तिच्या बॅटरीची वायर इन्व्हर्टरला जोडली, म्हणून ती रात्र निघाली. पण तेवढ्या वेळात म्हातारीनं जो हात स्वप्नालीच्या दंडाला धरला, त्याचे वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत होते.

बजरंग म्हणाला, बॅटरी फसवी निघाली. दुकानदारानं तपासली. बॅटरी ठणठणीत होती.

मग करंट जातो कुठं?

दोन दिवस जीपवरच काढले. मग नवा डीपी आला, तरी दुपारचं लोडशेडिंग होतंच. एका दुपारी लाईट गेल्यावर स्वप्नाली इन्व्हर्टरपुढं जाऊन बसली. त्याच्यावर लोड दाखवणारे बारके हिरवे दिवे असतात. दोन लागले होते. घरात पंखा बंद, टीव्ही बंद. चालू होतं ते फक्त मशीन.

तिनं सासूला सांगितलं, "आत्याबाई, मिनिटभर मशीन बंद करते हं. घाबरू नका."

मशीन बंद केलं.

एक दिवा विझला.

दुसरा... तसाच.

कुणीतरी आपल्या बॅटरीतून करंट ओढतंय! स्वप्नालीच्या डोक्यात तिडीक गेली. आणि असल्या कामात गावात एकच नाव पुढं यायचं. शेजारचा चुलतदीर, सुंदरराव. खांबावर आकडा टाकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. ती पदर खोचून थेट त्याच्या अंगणात गेली.

"भावजी, माझ्या सासूच्या जिवावर उठलाव का तुमी?"

सुंदरराव शेंगा फोडत बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी आकडा टाकतो, ते साऱ्या गावाला माहीत हाय. पर लाईट गेल्यावर तुज्या बॅटरीतून चोरून काय मोबाईल चार्ज करू व्हय? घरात येऊन बघ. एक वायर सापडली तर मिशा काढतो."

तिनं खरंच घरात जाऊन बघितलं. वायर नव्हती. बाहेर आल्यावर मात्र सुंदरराव हळूच म्हणाला, "माज्याकडं का म्हून बघती? तुमच्या दुसऱ्या भिंतीकडं बघ की."

दुसरी भिंत म्हणजे वाटणीची भिंत.

घर मूळचं एकच. बजरंग आणि धाकटा राम, दोघा भावांत वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातली. शेत वाटलं, भांडी वाटली आणि आई-बापही वाटले. आई थोरल्याकडं, बाप धाकट्याकडं. म्हातारा हरिबा पलीकडं, म्हातारी अलीकडं. चांगली नांदती जोडी, पण बोलायचं तर अंगणात येऊन. दम लागायला लागल्यावर तेही राहिलं. मग संध्याकाळी म्हातारी बांगड्या भिंतीवर वाजवायची आणि पलीकडून म्हातारा काठीनं उत्तर द्यायचा. एवढाच संसार उरला होता.

छातीचा रोग त्यालाही होता. मशीन आणलं होतं तेही त्याच्यासाठीच. दिवाळीनंतर तो गेला आणि मशीन अलीकडं आलं.

राम ऊसतोडीला जातो. बाप गेला तेव्हा टोळीची गाडी दारात उभी होती. राख सावडली आणि राम व त्याची बायको केसरबाई कुलूप लावून कारखान्याला गेले. तेव्हापासून पलीकडचं घर बंद होतं.

बंद म्हणजे अगदी बंद.

दुसऱ्या दिवशी बजरंगनं वायरमन राधाकिशनला बोलावलं. त्यानं दुपारी, लाईट गेलेली असताना, वायर हुडकत हुडकत वाटणीच्या भिंतीपर्यंत आणली आणि हसला.

"मालक, घर वाटलं पर वायरिंग कुटं वाटलं? एकच लाईन हाय. तुमचा इन्व्हर्टर तिकडंबी करंट देतोय."

"तिकडं कोण हाय करंट घ्यायला?" बजरंग म्हणाला.

 राधाकिशननं स्वप्नालीकडं बघून मशीन बंद करायची खूण केली. तिनं बटण दाबलं. खोली गप्प झाली.

आणि मग... भिंतीतून...

फुस्स... खट.

फुस्स... खट.

तिघांनीही ऐकलं. चौथी बायनाबाई. ती एकटीच दचकली नाही. स्वप्नालीला तेव्हाच संशय आला. म्हातारीला हे नवीन नव्हतं.

स्वप्नालीनं मशीन पुन्हा सुरू केलं आणि बजरंगनं रामला फोन लावला. तो फडात होता.

"राम्या, घरात काय चालू ठिवून गेलायस?"

 राम म्हणाला, "दादा, झिरोचा बल्ब हाय. आबा जिथं गेला तिथं. धाव्यापस्तोर दिवा इझू द्यायचा नसतो. तेल घालायला तिथं कोण होतं? म्हून बल्ब लावला, पीठ पसरलं, वर टोपलं झाकलं आन् आलो. काय चुकलं का?"

माणूस गेला त्या जागी दिवा ठेवायचा आणि पीठ पसरायचं, ही आमच्याकडची रीत. पिठावर काय उमटतं त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेला ते सांगतात. पण दहाव्याला तो दिवा शांत करायचा असतो. बजरंगनं दहावा इकडं घाटावर केला. बंद घरातला दिवा शांत करायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

"झिरोच्या बल्बनं बॅटरी संपत न्हाई," राधाकिशन म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "ह्यो लोड मोठा हाय."

किल्ली केसरबाईकडं. रामला विचारून बजरंगनं कुलूप तोडलं.

आत कोंदट वास. खिडक्या बंद. कोपऱ्यात लाल बल्ब मिणमिणत होता. बोर्डात दुसरं काहीही लावलेलं नव्हतं. दार उघडलं तसा आवाजही थांबला होता.

टोपलं मात्र... बाजूला सरकलेलं.

स्वप्नालीनं मोबाईलचा टॉर्च लावला. पिठावर पाऊल नव्हतं. पाखराचं नव्हतं, मुंगीचंही नव्हतं.

चाकांच्या रेघा होत्या.

चार बारकी चाकं. भिंतीपासून निघालेली, हरिबाला ठेवलं होतं त्या जागेपर्यंत आलेली. तिथंच थांबलेली.

राधाकिशन वाकला, बघितलं आणि सरळ झाला. "मला चिंचोलीला जायचंय," एवढं बोलून गेला. टेस्टर तिथंच राहिला, तो न्यायला आजतागायत आलेला नाही.

स्वप्नालीनं तरी स्वतःला समजावलं. पीठ पसरल्यावर रामनं मशीन बाहेर ओढलं असेल. तिनं पुन्हा फोन करून विचारलं. राम म्हणाला, "न्हाई वैनी. आबाला उचलायच्या आधीच मी मशीन खांद्यावर घिऊन तुमच्याकडं आणून दिलतं. ध्यानात न्हाई का? पीठ त्याच्या नंतरचं."

तिच्या ध्यानात होतं. तिनंच दार उघडलं होतं.

बजरंगनं बल्ब काढला आणि पलीकडं जाणारी वायर पकडीनं कापून टाकली. तेव्हाच आतून म्हातारीचा आवाज आला.

"कापू नगं रं बजरंगा..."

"का माय?"

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

त्याच संध्याकाळी लाईट गेली. इन्व्हर्टरवर एकच हिरवा दिवा लागला. एकच! बजरंगला हायसं वाटलं. मशीन चालू, बॅटरी भरलेली, आता चिंता मिटली.

मग म्हातारीला धाप लागली.

स्वप्नालीनं बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा नव्वदच्या खाली. नळी तपासली. नळीला पीळ नव्हता. पाण्याच्या बाटलीत बुडबुडे व्यवस्थित येत होते. नळीचं टोक स्वतःच्या गालाला लावून बघितलं, हवा येत होती. आकडा मात्र ऐंशीच्या खाली उतरला. म्हातारीचे डोळे पांढरे व्हायला लागले. बजरंग जीप काढायला पळाला. पण दवाखान्यापर्यंत ही पोचत नाही, हे स्वप्नालीला त्या आकड्यावरूनच कळत होतं.

म्हातारीनं तिला जवळ ओढलं. ओठ कानाला लागले.

"त्येलाबी लागतं गं... आमी अर्धं अर्धं घेतो."

स्वप्नाली सांगते की तेव्हा तिनं विचार केलाच नाही. तिनं इन्व्हर्टर बंद केला, कापलेल्या वायरची दोन्ही टोकं दातानं सोलली, पीळ देऊन जोडली आणि चिकटपट्टी गुंडाळली. पलीकडं जाऊन बल्ब बसवला. इन्व्हर्टर चालू केला, मशीन सुरू केलं.

दुसरा हिरवा दिवा लागला.

भिंतीपलीकडं... फुस्स... खट.

आणि बोटावरचा आकडा चढायला लागला.

त्या दिवसानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. बजरंगनं मुकाट्यानं दुसरी बॅटरी आणून पहिलीच्या शेजारी जोडली. दोघांना पुरेल एवढी. तिच्यावरही स्वस्तिक काढलं. वेळच्या वेळी पाणी घातलं. पलीकडच्या दाराला नवं कुलूप लावलं. स्वप्नालीला मात्र सासूचाच संशय यायला लागला होता. ही अर्धं देतेय की तो अर्धं नेतोय? संध्याकाळी बांगड्या वाजायच्या. उत्तर यायचं का नाही हे ऐकायला नको, म्हणून स्वप्नाली त्या वेळी मुद्दाम कुकर लावायची.

माघात म्हातारीला ताप भरला. अंबाजोगाईला दवाखान्यात ठेवलं. निघताना बजरंगनं मेन स्विच पाडला, बॅटऱ्यांच्या तारा हातानं काढून ठेवल्या. मशीनची पिन काढली आणि घराला कुलूप घातलं.

दवाखान्यात म्हातारी सुधारली. एका दुपारी तिनं वरण-भात मागून खाल्ला. स्क्रीनवरचा आकडाही चांगला होता. स्वप्नालीचा फोन वाजला म्हणून ती वॉर्डाबाहेर आली. सुंदरराव होता.

"अगं, मशीन चालू ठिवून गेलाव का तुमी? गावात लाईट न्हाई. उगं तुमची बॅटरी उतरंल."

स्वप्नालीनं विचारलं, "भावजी, आवाज कुटून येतोय? रामभावजीच्या बाजूनं?"

 फोनमधून त्याच्या चपलांचा आवाज आला. तो भिंतीजवळ जाऊन ऐकत असावा.

"तिकडून येतोय की."

"बरं..."

"आन् तुमच्या बाजूनंबी येतोय. दोन मशिनी हायत का गं तुमच्याकडं?"

ती फोन कानाला तसाच धरून वॉर्डात पळाली. नर्स तिच्याआधी पोचली होती. मास्क जागेवर होता, ऑक्सिजन चालू होता. म्हातारीचा उजवा हात तेवढा कॉटशेजारच्या भिंतीला टेकलेला होता.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं.

या वेळी दिवा तेलाचा लावला आणि दहाव्याला शांतही केला. राम पाडव्याआधी उसावरून आला, पण बायकापोरांना घेऊन सासुरवाडीला राहतोय. बजरंगनं केजात भाड्यानं खोली घेतलीय.

मागच्या महिन्यात स्वप्नाली माझ्याकडं आली होती. जेवताना एकदम थांबली. म्हणाली, "त्या दिवशी वायर जोडली ती मी. त्या दिवशी मी आत्याबाईला वाचवलं, का त्यांना न्यायला वाट करून दिली? सांग ना."

 मी तिला भात वाढला, तोही तिनं तसाच ठेवला.