फळीवरची रिकामी जागा

“हात काढा.”

दिग्विजयने आधी मागे पाहिलं, मग वर. आवाज शिडीवरून आला होता. शिडीवर निळा डगला घातलेली एक मुलगी उभी होती आणि तिची नजर त्याच्या उजव्या हातावर होती. तो हात विमानाच्या पंखावर टेकला होता, म्हशीच्या पाठीवर टेकावा तसा.

“उडणारं हाय का ह्ये?”

“नाही.”

“मग?”

“मग काय? हात काढा. घामाने पत्रा खराब होतो.”

त्याने हात काढून पँटला पुसला. ती खाली उतरली आणि तिने पंख पुसला. ओळख झाली ती एवढीच. याला कुणी प्रेमाची सुरुवात म्हणणार नाही, आणि त्या दोघांनीही म्हटलं नाही.

पुण्याहून मुळशीकडे जाताना, पौड मागे पडलं की हवाई दलातून निवृत्त झालेल्या विमानांचं एक लहानसं संग्रहालय लागतं. पत्र्याच्या दोन शेड आणि पुढे थोडं मैदान. रविवारी रिसॉर्टकडे निघालेली कुटुंबं वाटेत थांबतात, मुलं फोटो काढून घेतात आणि वडील त्यांना विमानांची चुकीची माहिती देतात. संग्रहालय चालवतात जयसिंग काका. त्यांचा जन्म हवाई दलात विमानं दुरुस्त करण्यात गेला. शिडीवरची मुलगी गौतमी. ती सूसची, विमानदुरुस्तीचा कोर्स करून काकांच्या हाताखाली लागलेली. दिग्विजय मारुंजीचा. घरची निम्मी जमीन विकली गेली, उरलेल्या जागेत वडिलांनी आयटीवाल्यांसाठी खोल्या बांधल्या, आणि रस्त्याकडच्या गाळ्यात याने डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज टाकलं.

त्या दिवशी तो काकांची ठोकलेली गाडी नीट करून द्यायला आला होता. काकांनी पत्र्यावरून बोट फिरवलं, पोचा कुठे होता ते त्यांना सापडेना. तेव्हा त्यांनी शेडमधल्या त्या विमानाकडे बोट दाखवलं. ते नॅट होतं, पासष्टच्या युद्धात लढलेल्या जातीचं चिमुकलं लढाऊ विमान. पोटाला पोचे, रंगाचे पोपडे. ऑक्टोबरात हवाई दल दिनाला ते लोकांना दाखवायचं होतं.

“करशील?” काकांनी विचारलं.

“करतो की,” दिग्विजय म्हणाला. तो विमानाकडे बघत नव्हता.

काकांच्या शेडमध्ये एक नियम होता. भिंतीवर लाल फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगात काढलेली, आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेलं. संध्याकाळी एक जरी आकृती रिकामी दिसली तरी शटर खाली ओढायचं नाही. उडत्या विमानात विसरलेला एक पाना माणसं मारू शकतो, म्हणून हवाई दलात ही शिस्त असते. हे विमान आता कुठेच जाणार नव्हतं, पण काकांना ते मान्य नव्हतं. गौतमीला तर नव्हतंच.

गौतमीला उडणाऱ्या विमानाला हात लावायचा होता. नागपूरच्या एका विमानदुरुस्ती कंपनीत तिने मुलाखत दिली होती. सगळं जुळलं होतं. फक्त कंपनीचे साहेब काकांना फोन करून विचारणार होते, मुलगी कामाला कशी आहे? काकांचा शब्द पडला की ती निघणार होती. ही गोष्ट ती दिवसातून एकदा तरी सांगायची. दिग्विजय ऐकून घ्यायचा आणि जरा जास्तच जोराने पत्रा घासायचा.

बाकी बोलणं चालायचं ते असं—

“म्याडम, तुमी कदी हसता का?”

“सुट्टीच्या दिवशी.”

“सुट्टी कवा असती?”

“सोमवारी. त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.”

“मंजे आमच्या नशिबात न्हाई.”

ती पलीकडच्या पंखाकडे वळायची. हसत असेल तर त्याला दिसायचं नाही.

एका संध्याकाळी फळीवर छोट्या पान्याची जागा रिकामी निघाली. काका गुडघ्यामुळे लवकर घरी जात. शेडमध्ये हे दोघंच. बाहेर रिपरिप लागलेली, पत्र्यावर तिचा एकसारखा आवाज, आत थिनरचा वास. गौतमीने बॅटरी पेटवली आणि दोघं विमानाखाली सरपटले. पाना मिळाला नाही. त्याला दिसला तो तिच्या केसांना लागलेला रंग, आणि नंतर मिळाला थर्मासमधला अर्धा अर्धा चहा. त्या तासाभरात ती कामाव्यतिरिक्त पहिल्यांदा बोलली. लहानपणी लोहगावच्या विमानतळावरून उठलेली विमानं सूसच्या गच्चीवरून बघायची, असं काहीबाही. दिग्विजयला ते फार आवडलं. शेवटी तिने काकांना फोन करून खरं ते सांगितलं, बोलणी खाल्ली आणि शेड उघडी ठेवून वॉचमनला बसवलं.

पाना मारुंजीला गेला होता, दिग्विजयच्या खिशातून. सकाळी त्याने तो आणून दिला आणि कान धरले. ही चूक होती. पुढे जे झालं त्याला चूक म्हणता येणार नाही.

आठवड्याभराने पाना पुन्हा गायब झाला. पुन्हा बॅटरी, पुन्हा चहा, पुन्हा गप्पा. तासाभराने पाना टायरच्या आडोशाला ‘सापडला’. शोधणारा अर्थातच दिग्विजय. बेजान विमान, पावशेर लोखंड, कुणाचं काय बिघडलं, असा त्याचा हिशेब. गॅरेजवाल्याचा हिशेब तो. फळी कशासाठी असते हे त्याला ऐकून माहीत होतं, मनातून माहीत नव्हतं.

तिसऱ्या वेळी मात्र काका चष्मा विसरले म्हणून परत आले.

ते दारातच थांबले. विमानाखालून चार पाय बाहेर आलेले दिसत होते. त्यांनी फळीकडे पाहिलं.

“परत तोच पाना?”

गौतमी बाहेर आली. तिच्या कपाळावर धूळ होती.

“उद्या नागपूरहून फोन येणार आहे,” काका म्हणाले. “काय सांगू त्यांना? हत्यारं हरवते म्हणून? मी खोटं बोलणार नाही, गौतमी. तुझ्यासाठीसुद्धा नाही.”

तिचा चेहरा उतरला, आणि तो दिग्विजयने पाहिला.

गप्प बसलं की झालं, हे त्याच्या लक्षात आलं. फोन येईल, काका खरं सांगतील, नागपूर बारगळेल आणि गौतमी इथेच राहील, मारुंजीपासून अर्ध्या तासावर. त्याला हवं होतं तेच आपोआप होणार होतं. तो तसा थोडा वेळ उभा राहिला. थोडा म्हणजे बराच.

मग त्याने मागच्या खिशातून पाना काढला.

“काका, म्या लपिवला व्हता. मागल्या खेपंला बी मीच.”

“का?”

“फळी भरली की म्याडम मला घालवत्यात… मला थांबायचं असतंय. त्यांच्यापाशी.” त्याने जमिनीकडे पाहिलं. “मला त्या आवडत्यात. लई आवडत्यात. त्यांची काय बी चूक न्हाई.”

काकांनी पाना घेतला, फळीवर टांगला.

“उद्यापासून येऊ नकोस,” ते म्हणाले.

“व्हय.”

“काका…” गौतमी पुढे आली. “काका, मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“पाना त्याच्याकडे आहे ते. मागच्या वेळी खाली वाकला तेव्हाच खिशात दिसला होता. आजही दिसला. तरी मी बॅटरी घेऊन शोधत बसले.”

“का?” काकांनी तोच प्रश्न विचारला.

“मलाही थांबायचं होतं.”

दिग्विजयने मान वर केली. काका खाली स्टुलावर बसले. त्यांना हवाई दलात बरंच काही शिकवलं होतं, हे शिकवलं नव्हतं.

“आता फोनवर काय सांगू?”

“जे झालं ते,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “सगळं सांगा.”

दुसऱ्या दिवशी काकांनी तिच्यासमोरच सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. “नाही, नाही,” काका गंभीरपणे म्हणाले, “हात चांगला आहे तिचा. आणि चूक केली तर सांगते. उशिरा सांगते, पण तुम्ही विचारायच्या आत सांगते. असा माणूस विमानापाशी चालतो.” तिला नोकरी मिळाली. दिग्विजयलाही परत बोलावलं गेलं, रंग अर्धा राहिला होता म्हणून. उरलेल्या दिवसांत फळी रोज वेळेवर भरली, शटर रोज वेळेवर पडलं, आणि त्यानंतर ते दोघं बाहेर कट्ट्यावर उघडपणे बसू लागले. काका दुसरीकडे बघत गाडी काढायचे.

हवाई दल दिनाला नॅटभोवती गर्दी उसळली. नवा रंग उन्हात चमकत होता. दुपारी गर्दी ओसरल्यावर दोघं शेडच्या सावलीला उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तिची नागपूरची गाडी होती.

“एक इचारू?” दिग्विजय म्हणाला.

“विचारा.”

“थांबा म्हणलो… तर थांबाल?”

ती उत्तर द्यायला वेळ लावणारी नव्हती, पण यावेळी लावला.

“थांबेन,” ती म्हणाली. “म्हणून म्हणू नका.”

समोर एक पोरगं पंखाला हात लावत होतं. दोघांनीही त्याला हटकलं नाही.

“न्हाई म्हणत,” तो म्हणाला. “मीच येतो तिकडं. गॅरेज काय, कुटं बी टाकता येतंय.”

“आणि घरचे?”

“बोंबलत्याल. मग गप बसत्याल. तुमच्या घरच्यांचं काय?”

“या रविवारी सूसला या,” गौतमी म्हणाली. “मी नसेन, पण आई आहे. तिला कालच सांगितलंय मी.”