तिनं भरलेला ड्रम

महामाया मला पहिल्यांदा दिसली तेव्हा तिच्या हातात रिकामी बादली होती.

बुलढाण्यातल्या आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो. त्या दिवशी सगळे आधी जुनं पाणी गल्लीत ओततात, मग नवं भरतात. जुनं शिळं झालं म्हणून. मी प्लंबर, मीही तेच करायचो. त्या सकाळी मी ड्रम कलंडवला आणि धारेखाली कोणाची तरी बादली आली.

"ओता ना. थांबले काऊन?"

समोर केसरबाईंकडे नवीन भाडेकरू आली होती, ती हीच. डोणगावची. आयटीआयमध्ये पोरांना घराचे नकाशे काढायला शिकवायची, एका वर्षाच्या करारावर.

"शिळं पाणी हाय ते, मॅडम."

"धरणात वर्षभर राह्यते, तवा शिळं होत नाही. तुमच्या ड्रमात आठ दिवसात होते?"

बादली घेऊन जाताना तिनं वळून पाहिलं... माझ्याकडे नाही, ड्रमाकडे.

"अर्धा हाय अजून. सांडू नका, आली मी."

चार दिवसांनी तिनं मला कामाला बोलावलं. मोरीचं पाणी नालीत जायचं, ते तिला अंगणात हवं होतं. तिनं विटेच्या तुकड्यानं फरशीवर नकाशा काढला. लांबट खड्डा, त्यात विटांचे तुकडे, गिट्टी, रेती, वर कर्दळ. शेवटी एक लहान टाकी.

"वास मारन," मी म्हणालो.

"नाही मारणार."

"मारला तर?"

"तर तुमच्या हातचा चहा पिईन, महिनाभर."

"आन नाही मारला तर?"

"तर तुम्ही माह्या हातचा."

ओट्यावरून केसरबाई म्हणाल्या, "संघपाल, यात हरते कोण बे? आन चहापत्ती माही तं नाही ना?"

दोन महिन्यांत कर्दळीला लाल फुलं आली. महामायानं मला टाकीपाशी नेलं, काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि उजेडात धरलं. केसरबाईंच्या खरकट्या भांड्यांचं पाणी होतं ते. त्यातून पलीकडची तिची बोटं दिसत होती.

"येऊन राह्यला का वास?"

"नाही."

मी ग्लास हातात घेतला आणि उभाच राहिलो. पंधरा वर्षं मी लोकांच्या घरात पाणी आणत होतो. घरातून गेलेल्या पाण्याचं पुढे काय होतं, ते कधी पाहिलं नव्हतं. नुसत्या रेतीनं आणि मुळांनी हे केलं होतं.

"पिऊ नका," ती हसली. "झाडासाठी हाय. तुमच्यासाठी चहा ठेवला."

चहाचा महिना संपला, तरी चहा चालू राहिला. मग वर्षच संपत आलं. करार संपला की ती डोणगावला परत जाणार होती. थांबा म्हणायचं मला जमत नव्हतं. मी माझ्या घरामागे तसाच खड्डा खणला, कर्दळ लावली आणि तिला पाहायला बोलावलं.

ती वाकून पाहत राहिली.

"एकट्या माणसाले एवढा खड्डा?"

"माप... दोघांचं धरलं."

माझ्या सामानातून तिनं पाणी भरलेली लेव्हलची नळी काढली. पाइपाचा उतार त्या नळीनं पाहतात, आणि तिला दोन माणसं लागतात.

"ते टोक धरा."

मी धरलं. नळीत पाणी हललं, वर गेलं, खाली आलं... आणि दोन्हीकडे थांबलं. तिनं पाइपावर खुणा केल्या.

"उतार कमी हाय तुमचा."

"काढून पुन्हा बसवू?"

"हाव. पण त्याले वेळ लागन." तिनं नजर नळीवरच ठेवली. "मी घरी कळवते, एवढ्यात येणं होत नाही म्हणून."

आमच्या लग्नाला नऊ वर्षं होत आली होती. मागच्या महिन्यात ती गेली. चार दिवसांचा ताप.

ती गेल्यावर पहिल्यांदा नळ आला, तेव्हा माझी मोठी बहीण बेबीताई घरी होती. तिनं ड्रमाला हात लावला.

"संघा, ओतून टाकू का हे? शिळं झालं असन."

तो ड्रम महामायानं भरला होता. झाकणही तिनंच लावलं होतं.

"राहू दे, ताई. मी घालतो झाडाले."

तांब्या तांब्या करून मी ते कर्दळीला घातलं. आज सकाळी तळाशी एक ग्लास उरला. उजेडात धरला. महिना झाला, तरी पलीकडची माझी बोटं साफ दिसत होती. मग तोही कर्दळीला घातला.

आज नळाचा दिवस. बाहेर गल्लीत कोणीतरी ड्रम कलंडवत होतं. मी बादली उचलली आणि जाऊन धारेखाली धरली. तो माणूस माझ्या तोंडाकडे पाहत थांबला.

"ओता ना," मी म्हणालो. "थांबले काऊन?"